दुसरा ठिपका

मला चष्मा लागला तो सबटायटल वाचता येईनात म्हणून. घरात मात्र मी सांगितलं की आखणीची रेघ पुसट दिसते. ते सगळ्यांना लगेच पटलं, कारण आमच्या घरात डोळे ही पोटापाण्याची गोष्ट आहे. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी गाडी काढली आणि मला अलिबागला चांगल्या डॉक्टरकडे नेलं. परतताना म्हणाला, "तुझ्या डोळ्यांवर कारखाना चाललाय, जप जरा." मी मान डोलावली. चष्मा नाकावर चढवून पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर पाठीला कंदील बांधून डोंगर उतरणारी एक सोळा वर्षांची जपानी मुलगी. अक्षरं लख्ख दिसत होती. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते.

आमचा गणपतीचा कारखाना पेणच्या खाडीकडच्या अंगाला आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. माती, साचे, रंग, कॉम्प्रेसरची घरघर आणि दिवाळीपासून श्रावणापर्यंत रांगेने उभे असलेले गणपती. अंगाचा रंग कुणीही मारू शकतं, सोवळ्याची किनारही दोन महिन्यांत जमते. डोळे मात्र ज्याचे त्यालाच येतात. त्याला आम्ही आखणी म्हणतो. पांढरं भरायचं, बुबुळ काढायचं, पापणीची रेघ श्वास धरून एका दमात ओढायची, भुवई, आणि सगळ्यात शेवटी उजेडाचा एक ठिपका. तो पडला की मातीचा देव होतो. मग त्याच्यासमोर शिव्या द्यायच्या नाहीत, चप्पल घालायची नाही.

हे मला सासऱ्यांनी शिकवलं. माझं माहेर मिठागराचं. तिथे रंगांशी संबंध रांगोळीपुरताच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत दारात काढलेली माझी रांगोळी त्यांनी उभं राहून बघितली आणि आत येऊन सासूबाईंना म्हणाले, "हिचा हात वाया नको जायला." नवऱ्याच्या हातात ती रेघ नव्हतीच. तो ट्रक भरून घेण्यात आणि गिऱ्हाइकांशी बोलण्यात हुशार. मग बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनीच, मला शेजारी बसवलं. वर्षभर नुसत्या मूर्तींच्या फुटक्या तोंडांवर रेघा मारून घेतल्या. ते एकच गोष्ट शंभरदा सांगायचे: "गणपती उभ्या माणसाकडं न्हाय बघत, बसलेल्याकडं बघतो. नजर खाली ठेव." सासूबाई गेल्यानंतर तर त्या शेडमध्ये दिवसभर आम्ही दोघंच एकमेकांच्या शेजारी बसलेले असायचो.

त्याच काळात मला दुसरं खूळ लागलं.

मुलगी दोन वर्षांची होती. दुपारी तिला भरवताना केबलवर हिंदीत कार्टून लावायची. ती झोपून जायची आणि मी बघत राहायची. सुरुवातीला मी फक्त डोळे बघत होते, कामाचा भाग म्हणून. आमच्याकडे डोळा म्हणजे शेवटची रेघ, यांच्याकडे डोळा म्हणजे अर्धा चेहरा! बुबुळ एवढं मोठं की पापणीला टेकलेलं, आणि उजेडाचे ठिपके दोन, वर एक मोठा, खाली तिरपा एक बारीक. त्या खालच्या ठिपक्यामुळे ती पोरं सतत रडायच्या बेतात असल्यासारखी वाटायची. मग गोष्टीत अडकले. गावोगाव फिरून लोकांचे विझलेले दिवे दुरुस्त करणारी ती मुलगी, तिचा हरवलेला भाऊ. ह्याला नुसतं कार्टून नाही, ॲनिमे म्हणतात, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

मुलगी माझ्या मांडीवर होती तोवर सगळं झाकून गेलं. "तिच्यासाठी लावलंय" म्हटलं की काम भागायचं. ती नववीत गेली आणि एके दिवशी दप्तर टाकत म्हणाली, "आई, हे अजून बघतेस तू? हे लहान मुलांचं आहे." तिने टोमणा मारला नव्हता, सहजच बोलली होती. मी पटकन बातम्या लावल्या. तेव्हापासून मी चोर झाले.

पुढे फोन आला आणि चोरी सोपी झाली. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. माझं इंग्रजी दहावीचं. एकेक वाक्य थांबवून वाचायची. सहा महिन्यांत भरभर वाचायला लागले, असं शिकले असते तर शाळेत मार्क मिळाले असते. जेवायला बसताना ते म्हणतात तो शब्द मी मनातल्या मनात म्हणायची. बाजारातून आले की पिशव्या ठेवताना त्यांचा "आले मी घरी" पुटपुटायची. एकदा नवऱ्याने विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "कंबर दुखतेय." ते खोटं नव्हतं.

नेटवर त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक गट होता. त्यात मी वय बावीस लिहिलं होतं. कॉलेज, अलिबाग. सगळी पोरंसोरं. एकदा एका मुलीने विचारलं की तिशी ओलांडलेले लोक इथे काय करतात, त्यांना संसार नाहीत का? सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. मीही एक लावला. फोन बाजूला ठेवून भाकऱ्या थापायला उठले आणि तव्यावरची पहिलीच भाकरी करपवली.

सगळ्यात वाईट खोटं मात्र वेगळंच. काम करताना मी कानात वायर घालायची. फोन रंगाच्या डब्याआड उभा. जुने भाग पाठ झालेले, बघायची गरज नसायची, नुसतं ऐकत ऐकत रेघा ओढायची. बाबांनी विचारलं, "काय ऐकतेस गो?" मी म्हटलं, "कीर्तन." तोंडातून निघून गेलं. त्यानंतर बाबा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "आमची सून देवाचं नाव ऐकत ऐकत डोळे काढते. म्हणून नजर शांत येते बघा." बायका माझ्याकडे आदराने बघायच्या. एकीने तर वाकून नमस्कार केला. मी कानातली वायर न काढता हसले, कारण काढली असती तर आवाज बाहेर आला असता.

आता ते तीन वर्षांपूर्वीचं सांगते. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

आमच्याकडे काही जुनी घरं पाटाची आहेत. म्हणजे ते दुकानात येऊन मूर्ती निवडत नाहीत. त्यांच्या घरचा लाकडी पाट आधीच कारखान्यात आणून देतात आणि गणपती त्या पाटावरच घडवायचा. दरवर्षी तोच चेहरा, तीच नजर. बाबांचं वय झालं तसं त्यांनी बाकीची सगळी आखणी माझ्याकडे सोपवली होती. पाटाच्या मूर्ती मात्र तेच करायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम उरलं होतं. त्यासाठी ते सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शेडमध्ये यायचे.

हात थोडा थरथरायला लागला होता. थोडासाच. भाजी चिरताना मलाही तेवढा थरथरतो.

त्या वर्षी किहीमच्या एका घराचा गणपती त्यांनी सकाळी आखला आणि जेवून आडवे झाले. मी रांगेतून जात असताना पाहिलं, उजव्या पापणीची रेघ मध्येच किंचित उडाली होती. मला वाटलं, सारखी करावी, त्यांना कळणारही नाही. मदतच करत होते मी, शपथेवर सांगते. पण त्यात जरा मिजासही होती, हेही सांगायला हवं. उडालेला भाग झाकायला रेघ जाड केली. रेघ जाड झाली म्हणून बुबुळ लहान दिसायला लागलं, ते वाढवलं. एक वाढवलं म्हणून दुसरं वाढवलं. मग उजेडाचा ठिपका ठेवला आणि हात तिथेच थांबला नाही. कानात ती कंदीलवाली मुलगी भावाला हाका मारत होती. हाताने खाली, तिरपा, आणखी एक बारीक ठिपका ठेवला. दोन्ही डोळ्यांत. मागे सरून बघितलं आणि मला तो गणपती फार आवडला. रडायच्या बेतात असल्यासारखा. इतका जिवंत गणपती आमच्या शेडमध्ये कधी झाला नव्हता, असं मला खरोखर वाटलं.

दोन दिवसांनी किहीमची माणसं टेम्पो घेऊन आली. घरातली म्हातारी आणि तिचा मुलगा. नेण्याआधी तोंडावर रुमाल घालायचा असतो. तो घालायच्या आधी म्हातारी पाया पडायला समोर बसली, आणि बसलेलीच राहिली.

"दादा," ती बाबांना म्हणाली, "ह्यो आमचा न्हाय."

"पाट तुमचाच हाय, वयनी."

"पाट आमचा. डोळे आमचे न्हायत. ह्यो माझ्याकडं बघतच न्हाय. कार्टूनवानी दिसतोय."

शेडमधलं सगळं काम थांबलं. नवरा धावत आला, मूर्तीकडे बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने बाबांच्या हाताकडे बघितलं. मग मला म्हणाला, "तू जरा बघतेस का? होईल ना नीट?"

मी ब्रश घेतला. काळ्याने खालचे ठिपके मिटवले, पांढरं भरून बुबुळं कमी केली, अंगाचा रंग लावून पापणी बारीक केली. दहा मिनिटांचं काम. माझा हात अजिबात थरथरला नाही. म्हातारी पुन्हा समोर बसली, नजर जुळली तसे तिचे डोळे भरून आले. उठताना तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "सुनेनं सांभाळून घेतलं हो," ती म्हणाली. आणि बाबांना हळूच म्हणाली, "दादा, आता आराम करा तुमी."

टेम्पो गेल्यावर नवरा बाबांच्या जवळ जाऊन बसला. त्याने आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "बाबा, पुढच्या वर्षीपासून आखणी राहू द्या. ही करील सगळं."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. माझ्या हातात अजून ब्रश होता.

"व्हय," ते म्हणाले. "हात गेला असंल."

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते: मी केलं. पण म्हातारी जो शब्द बोलून गेली होती, तो मला तोंडात मारल्यासारखा बसला होता. मी केलं म्हटलं, की पुढचा प्रश्न आलाच असता, तुझ्या हातात असले डोळे आले कुठून? मग फोन, मग वायर, मग कीर्तन, मग बावीस वर्षांची कॉलेजकन्यका. सगळं त्या शेडमध्ये उभं राहिलं असतं. मुलीच्या लग्नाचं बघायच्या वयाची बाई कार्टून बघते आणि देवाला तसले डोळे काढते. मला त्याची लाज वाटली. एका म्हाताऱ्या माणसाचा ब्रश जातोय, ह्यापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली. मी ब्रश धुवायला नळावर गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. सुरुवातीला माझे ब्रश धुऊन द्यायचे. मग तेही सुटलं. धुतलेला सदरा घालायचं बंद केलं. सगळे म्हणायचे, म्हातारपण आलं एकदम. पाटाच्या सगळ्या मूर्ती माझ्याकडे आल्या. श्रावणात ते एकदा तरी विचारायचे, "किहीमचा झाला?" मी म्हणायची, "झाला." "ठिपका?" ते विचारायचे. "ठेवला," मी म्हणायची. मला वाटायचं, जुनी सवय, म्हणून विचारतात. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात तेवढंही नव्हतं, मी इतकी निर्ढावले होते.

मालिका चालूच होती. वीस वर्षं ती मुलगी सोळाचीच होती. मी सुरू केलं तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीच्या वयाची होते. मग तिच्या आईच्या वयाची झाले, आणि आता गोष्टीतल्या त्या सराईवाल्या बाईपेक्षाही मोठी झाले आहे, जिला सगळे आजी म्हणतात. गुडघे खाली बसू देत नाहीत म्हणून आता स्टुलावर बसून आखणी करते.

ह्या आषाढात मालिकेचा शेवटचा भाग आला. दुपारची जेवणं झाली होती, कामगार पांगले होते. मी शेडच्या दाराशी, बाबांच्या खुर्चीपासून चार हातांवर बसून बघितला. कंदीलवाली मुलगी घरी पोचते. दार उघडते. "आले मी घरी," म्हणते. आत कोणीच नसतं. मी रडायला लागले. साधंसुधं नाही, हुंदके देऊन.

"कोण गेलं गो?" बाबा घाबरून खुर्चीतून उठायला बघत होते.

"कोणी नाही बाबा. काही नाही."

"मग कीर्तनात रडतेस व्हय एवढी?"

त्यांनी हात पुढे केला. आढेवेढे घ्यायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी फोन दिला. वायर निघाली आणि ते गाणं पत्र्याखाली मोठ्याने वाजायला लागलं. बाबांनी फोन डोळ्यांच्या जवळ नेला. मुलीचा चेहरा जवळून दिसत होता, पूर्ण पडदाभर. ते कितीतरी वेळ बघत राहिले. गोष्ट ते बघतच नव्हते. माझ्यासारखेच, सुरुवातीला डोळे.

"दोन ठिपके हायत," ते म्हणाले.

मी पदराने डोळे पुसले.

"किहीमच्या गणपतीला व्हते तसे."

फोन माझ्या मांडीवर ठेवून ते थांबले. नुसते थांबले. समोरच्या चिंचेकडे बघत, घाई नसल्यासारखे.

"मी केलं होतं," मी म्हटलं. "बाबा, ते मी केलं होतं. तुमची रेघ नीट होती. जराशी उडाली होती, तेवढंच. बाकी सगळं मी बिघडवलं."

"म्हायत हाय."

"कधीपासून?"

"माजी रेघ मला वळखू यायची न्हाय?" ते जवळजवळ हसले. "त्याच दिशी. तुज्या हातात ब्रश व्हता, तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील, असं वाटलं." त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून पुन्हा ठेवला. "पयल्या वर्सी वाटलं. दुसऱ्या वर्सी पन वाटलं. यंदा न्हाय वाटलं."

ठिपका, ठिपका असं ते दोन श्रावण का विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. दरवर्षी त्यांनी मला दार उघडून दिलं होतं आणि मी "ठेवला" म्हणून ते लावून घेतलं होतं.

चार वाजता कामगार आले तेव्हा मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. कार्टून, कीर्तन, सगळं. मुलीला आणि किहीमच्या म्हातारीला सांगायचंही बाकी ठेवलं नाही, फोन लावले. मुलगी हसली. म्हातारी एवढंच म्हणाली, "आनि दादा तवापासनं बसून ऱ्हायले व्हय?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने आमच्या घरच्या गणपतीची मूर्ती उचलून बाबांच्या पुढ्यात ठेवली, आखणीचं तबक आणलं आणि बाबांच्या हातात सगळ्यात बारीक ब्रश दिला.

बाबांनी डावा डोळा घेतला. श्वास धरला. आम्ही सगळ्यांनीच धरला. रेघ निघाली, वाकली, थांबली, पुन्हा निघाली. तीन वर्षांपूर्वी जी एका जागी किंचित उडाली होती, ती आता सबंध थरथरत होती. बुबुळ पापणीबाहेर गेलं. त्यांनी ते बघितलं, मग उगाचच ब्रशचं टोक पुसलं.

"तवा येत व्हती," ते म्हणाले. "आता खरंच गेला हात."

ते रागाने म्हणाले असते तर मी पाय धरले असते. पण ते मला कामातली एखादी गोष्ट सांगतात तसं म्हणाले, आणि ब्रश माझ्याकडे दिला.

"उजवा तू काढ. माज्या रेघेला हात लावू नको. आनि ठिपका एकच."

मी काढला. ठिपका एकच ठेवला.

आमचा गणपती ह्या वर्षी तसाच बसला, दोन वेगळ्या डोळ्यांचा. आल्यागेल्याला नवरा स्वतः सांगत होता, डावा बाबांनी काढलाय. बाबा धुतलेला सदरा घालून समोर बसायचे. गौरींचं विसर्जन होईपर्यंत रोज दोन वेळा आरती झाली, आणि प्रत्येक वेळी मी उजव्या बाजूला सरकून उभी राहिले. डाव्या डोळ्याकडे मला बघवलं नाही.